कांद्याच्या चाळीतली रेल्वे

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. माझ्या कांद्याच्या चाळीत आहे.

हे मी कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हळूच वास घेतो. मी पीत नाही. जन्मात थेंब घेतला नाही, तेव्हा वास घेऊन उपयोग नाही. रेल्वे आहे म्हणजे आहे.

रेल्वे येणार, येणार हे ऐकत आमची पिढी म्हातारी झाली. मध्यंतरी माणसं आली आणि येडगावच्या अंगाला आमच्या रानात लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेली. पुढं दुसरी माणसं आली, म्हणाली मार्ग बदलला. खुंट्या कुणीतरी चुलीत घातल्या. पण मधल्या काळात मी आळेफाट्यावर चहाच्या हॉटेलात चारचौघांत बोलून बसलो होतो, "माज्या रानातनं गाडी जानार, लिहून घ्या." हसणाऱ्यांनी लिहून घेतलं नसेल. मी लक्षात ठेवलं. शिक्षण चौथी, त्यामुळं तोंडानं बोललो तेच माझं लिहिलेलं. ते मागं घ्यायची मला सवय नाही.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि लेकाकडे पिंपरीला राहावं लागलं. आमची मंडळी गाईसाठी मळ्यातच थांबली, मी एकटा गेलो. लेकाचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे, लिफ्टसुद्धा चांगली आहे. पण सकाळी उठून माणसानं जायचं कुठं? बाल्कनीत बसायचं. समोरच्या बाल्कनीत एक म्हातारा बसलेला. त्यानं माझ्याकडे बघायचं, मी त्याच्याकडे. दोघांनी एकदा हात वर केला की झाला दिवस.

खालच्या मजल्यावर एक रिटायर साहेब राहत होते. त्यांच्या एका खोलीत टेबलावर रेल्वे होती. रुळांमधलं अंतर अंगठ्याएवढं, इंजिन तळहातावर मावेल असं, डब्यांच्या खिडक्यांना काचासुद्धा. माझ्या एका डोळ्याला पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, तर गाडी बोगद्यात शिरली आणि पलीकडून बाहेर आली, आणि माझ्या तोंडून "आयला!" निघालं. साहेब खूश झाले. मग मी रोज जायला लागलो. रूळ कसे जोडायचे, वळण किती घ्यायचं, बटण फिरवून वेग कसा कमी-जास्त करायचा, सगळं बघून घेतलं. पुढं ते मुलाकडे परदेशी कायमचे निघाले तेव्हा निम्मं सामान त्यांनी मला देऊन टाकलं. म्हणाले, "काका, एवढंच लक्षात ठेवा. गाडी थांबली की गाल रुळाला टेकवून बघायचं. रुळावर काहीतरी असतंच."

निघायच्या दिवशी लेकानं माझ्याकडून शब्द घेतला. आमच्याकडे बिबटे किती झालेत ते आता टीव्हीनं सगळ्या देशाला सांगितलंय. उसात जन्मलेली, उसात वाढलेली जनावरं. बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जातात. आमचं कुत्रं गेल्या साली गेलं. कुठं गेलं ते कुणी विचारलं नाही. तर लेक म्हणाला,

"आबा, ते घराशी एकदा जरी दिसलं ना, तर दोघांनी इकडं यायचं. कायमचं. मग गाय न्हाई, रान न्हाई, मी काय ऐकायचो न्हाई."

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

दिला. मला वाटलं, सगळा जन्म मळ्यात गेला, कधी समोर आलं नाही, आता काय येतंय.

चाळ रिकामीच होती. कांदा हल्ली मी लावत नाही. ज्यांनी चाळ बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीपासून हातभर उंच लाकडी तळ, डोक्यावर पत्रा, आणि चारी बाजूंनी बांबूच्या पट्ट्या. पट्ट्यांच्या मध्ये बोटबोटभर फटी, वारा खेळावा म्हणून. आत बसलं की बाहेरचं सगळं रान रेघारेघांत दिसतं. मी जुन्या दारांच्या फळ्या मांडून आत माझं रान बसवायला घेतलं. मनानं रचलेलं कुठलं गाव नाही, माझंच रान. ओढा, बांध, वरचा डोंगर, खालचं येडगावचं पाणी, आणि मधून रेल्वे.

डोंगराला साहेबांनी प्लास्टर सांगितलं होतं. मंडळी म्हणाली, "प्लास्टर फुटंल. कागद भिजवा." ती डिंभ्याकडची. तिकडं बाया जुना कागद भिजवून कुटतात, त्यात मेथ्या वाटून घालतात आणि त्या लगद्यानं टोपल्या लिंपतात. मेथीमुळं उंदीर तोंड लावत नाही. तिनं घमेलंभर लगदा कुटून दिला. माझ्या मनात शिवनेरी होता, झाला बसलेल्या बैलासारखा, पण डोंगर झाला. पाणी म्हणून फुटक्या आरशाचा तुकडा. ऊस म्हणून केरसुणीच्या काड्या, हिरव्या रंगवून. रुळाखाली खडी म्हणून चाळणीनं चाळलेला मुरूम. फळीवर मान वाकवून काम केलं की दुपार कधी सरली ते कळत नसे. पिकाला पाणी देताना जसा पुढचा वाफा बघत राहतो माणूस, तसं.

पहिल्याच आठवड्यात मी इंजिन जाळलं. ते घेऊन जुन्नरला गेलो. तिथं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणारे एक मिस्त्री आहेत, मुसलमान, माझ्याच वयाचे, मेंदी लावलेली दाढी. माझ्या विहिरीवरची मोटार त्यांनीच आजवर जगवली. त्यांनी इंजिन चिमटीत धरून उजेडाला लावलं.

"भाऊ, ही कितीची मोटार हाय? पानी किती फेकती?"

"पानी न्हाई, डबे वढती."

"ह्या वयात खेळनं?"

"खेळनं न्हाई. रेल्वे हाय."

"मग पास काढून ठिवा आमचा," ते म्हणाले, आणि केसाएवढ्या तारेनं ती मोटार भरून दिली. मग अधूनमधून बघायला यायलाही लागले.

आमच्या खऱ्या बांधावर, ओढ्याच्या कडेला, पूर्वी वाघोबाचा दगड होता. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याच्यापुढं नारळ फुटायचा, खिरीचं बोट लागायचं. रस्ता रुंद झाला तेव्हा तो भरावात गेला आणि कुणी शोधला नाही. मी माझं रान जसंच्या तसं करत होतो, म्हणून ओढ्यातून सुपारीएवढा दगड आणला आणि फळीवरच्या बांधावर, रुळाला लागून ठेवला. तांबडा रंग द्यायचा, तर डबीतला रंग वाळून खडक झालेला. मी देव्हाऱ्यातला शेंदूर घेतला, तेलात कालवला, बोटानं लावला. लावल्यावर सवयीनं हात जोडले गेले.

मंडळी दारात उभी होती.

"ह्ये काय केलं?"

"वाघोबा केला."

"रंग न्हवता?"

"वाळलाय."

"मंग थांबायचं की. आता त्यो दगड ऱ्हायला न्हाई. आता उचलायचा न्हाई, हालवायचा न्हाई, आन सांजचा दिवा चुकवायचा न्हाई."

"अगं, खेळातला हाय त्यो."

"रेल्वे खेळ न्हाई म्हनता ना? मंग देव कसा काय खेळ?"

त्या दिवसापासून दिवेलागणीला ती पणती घेऊन चाळीत यायला लागली. पणती ठेवायची, हात जोडायची आणि धार काढायला जायची.

आणि गाडी देवापुढं थांबायला लागली.

सगळ्या रानातून धडधडत येई, डोंगराला वळसा घाली, उसातून बाहेर पडे आणि बरोबर त्या दगडापुढं उभी राही. बोटानं ढकललं की पुढं जाई. पुढच्या फेरीला परत तिथंच. मिस्त्री आले, त्यांनी रुळावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि हसले.

"तेल हाय भाऊ. शेंदराचं तेल वघळलंय रुळावर. तेलातनं करंट जात न्हाई."

फडक्याला स्पिरिट लावून त्यांनी रूळ पुसला, चाकं पुसली. गाडी सुटली ती सुटलीच. चहा झाला, मिस्त्री गेले, दुपारभर मी गाडी पळवली. कारण कळलं की माणसाला बरं वाटतं. दिवेलागणीला मंडळीनं पणती ठेवली आणि ती गोठ्याकडे गेली. गाडी डोंगराला वळसा घालून, उसातून बाहेर आली आणि देवापुढं थांबली.

मी रुळावर बोट फिरवलं. कोरडा. बटणावरचा लाल दिवा जळत होता, म्हणजे करंट होता. मग साहेबांचं आठवून मी गाल रुळाला टेकवला आणि डोळा बारीक करून बघितलं. रुळावर काहीच नव्हतं. पण तेवढं खाली वाकल्यावर वास आला. नव्या आंबेमोहोराचा भात उकळी आल्यावर येतो तसा, गोडसर. त्या वासाच्या पोटात दुसरा, उग्र. आमच्या घरी त्या दिवशी बाजरीची भाकरी होती.

गाल तसाच रुळावर. त्या उंचीवरून, दगडाच्या मागं, पट्ट्यांच्या फटींतून बाहेरचं दिसत होतं. तिथं उसाच्या पाचटाचा ढीग होता. पिवळा, मधेमधे काळपट. मी म्हटलं, इथं पाचट कुणी टाकलं?

ढीग श्वास घेत होता.

मग डोळा दिसला. एकच, कारण दुसरा बांबूच्या पट्टीमागं होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो गाडीकडे बघत होता. माझा हात बटणापासून लांब होता, आणि गाडी आपसूक हलली. जशी थांबली तशीच सुटली. डोळा तिच्याबरोबर सरकला, फटीच्या टोकाला गेला, नाहीसा झाला, पुढच्या फटीत आला. गाडी डोंगरामागं गेली तेव्हा तिकडं कान वळलेला दिसला. गाडी परत येईपर्यंत ते तसंच बसून होतं, फाटकाशी माणूस थांबतो तसं. कितव्या फेरीला ते गेलं ते सांगता येणार नाही. मी बघत असताना फटींत पाचट होतं, आणि मग नव्हतं. गाय हंबरली नाही. मला सगळ्यात जास्त ते खटकलं. गाईला माहीत होतं.

जेवताना लेकाचा फोन आला. रोज यायचा.

"आबा, घराशी काय दिसलं का?"

"घराशी? न्हाई बा."

आणि हे खोटं नव्हतं. चाळ वेगळी, घर वेगळं. सातबाऱ्यावर घराची नोंद आहे, चाळीची नाही.

पुढं ते रोज आलं असं नाही. पण गाडी थांबली की ते असायचं, आणि नसलं की गाडी थांबायची नाही. मी रूळ पुसायचो, चाकं पुसायचो, तारा बघायचो. काही सापडायचं नाही. हळूहळू मी गाल टेकवायचंच सोडून दिलं. गाडी थांबली की बटण आहे तसं ठेवायचं, हात मांडीवर घ्यायचे, भाताचा वास नाकात घेत बसायचं. भीती वाटायची. पण बाल्कनीची जास्त वाटायची.

मंडळीला मी काही बोललो नाही. तिला कळलं तर ती लेकाला सांगेल, आणि मग मी दिलेला शब्द. असं माझं गणित होतं.

एकदा पहाटे, उजाडता उजाडता, मी पावलं बघायला म्हणून चाळीच्या मागं गेलो. जमीन झाडलेली होती. नुसती झाडलेली नाही, वर शेणाचा सडा, अजून ओला. मंडळी खराटा घेऊन बांधाकडून येत होती.

"इकडं सडा कशाला?"

"देवाच्या मागं घान बरी दिसंना."

"चाळीच्या मागं सडा घालायची रीत कवापास्नं निघाली?"

ती थांबली. खराट्याचं बूड तळहातावर ठोकून काड्या सारख्या केल्या.

"तुमी डोळ्याला पट्टी बांधून लेकाकडं गेलता, तवापास्नं. पावलं उमटत्यात. लेक कवा येऊन हुबा ऱ्हाईल सांगता येतंय व्हय?"

म्हणजे शेंदूर लागायच्या किती आधीपासून ते येत होतं. आणि ही एकटी होती.

"भ्या न्हाई वाटलं तुला?"

"वाटलं की. पर लेकाच्या त्या घरात मला मोरीत कोंडल्यावानी व्हतं. त्याच्यापरीस ह्ये बरं."

"आन मला देव हालवू नको, दिवा चुकवू नको, ह्ये सगळं?"

"मंग काय करू? तुमी नेमका त्याच्या बसायच्या जाग्याम्होरं देव मांडला. म्हनलं, दिसलं आसंल ह्यांना."

मला दिसलं नव्हतं. तिथंच का मांडला हे मला आजही सांगता येत नाही. बांध तिथं होता म्हणून मांडला, एवढंच.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून ते सांभाळत होतो. फोन आला की ती माझ्याकडे बघायची, मी म्हणायचो, "घराशी काय न्हाई." मिस्त्रींनाही सांगितलं नाही.

मग शेजारचा ऊस तुटला. चारी बाजूंनी रान उघडं पडलं. आणि त्याच रविवारी लेक न कळवता आला. एकटाच, दुपारचा. जेवला, गाईच्या पाठीवर हात फिरवला. मंडळीनं उन्हं कलायच्या आत दोनदा सांगितलं, "उजेडात नीघ बाबा, घाटात गर्दी आसती." तो म्हणाला, "काय हाकलून द्यायला लागलीस का मला? आबांची रेल्वे बघू दे की."

नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्याच्यासाठी मी सगळे डबे जोडले. तो गोणपाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन. डोंगर बघून हसला, "आबा, ह्यो बैल हाय." पण गाडी सुटल्यावर पुढं सरकून बघायला लागला. उसातून गाडी बाहेर आली तेव्हा त्याच्याही तोंडून तेच निघालं जे माझ्या निघालं होतं. मला लई बरं वाटलं. मंडळी पणती घेऊन आली. गाडी वळसा घालून आली आणि देवापुढं थांबली.

पणती मंडळीच्या हातातच राहिली.

"काय झालं आबा? रुळावर काय हाय का?"

"काय न्हाई. थांबती कधी कधी."

त्यानं नाक वर केलं. "आई, भात टाकलास व्हय? आंबेमोहोर ना? लई दिवसांनी वास आला."

घरात चूल गार होती. मंडळी म्हणाली, "व्हय, टाकलाय." मी तिच्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पत्र्याखाली आमच्याकडे आवाज तुटतो. सगळे चाळीच्या मागं बांधावर जाऊन बोलतात. तो "हॅलो, हॅलो" करत उठला आणि मागच्या दाराकडे गेला. बांबूचंच दार, आत कोयंडा. त्यानं कोयंड्याला हात घातला.

मी दुसरं काहीही बोलू शकलो असतो. चहा पी म्हणालो असतो, पुढच्या दारानं जा म्हणालो असतो. तेवढ्यानं आजचा दिवस निघाला असता. पुढच्या खेपेला त्याला कोण अडवणार होतं?

"दार उघडू नगं," मी म्हणालो. "ते हाय भाईर."

तो हसला. मग त्यानं त्याच्या आईचं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. कोयंडा सोडला. मंडळीनं पणती दगडापुढं ठेवली आणि होती तिथंच खाली बसली. फटींत पिवळं होतं. फोनमध्ये कुणीतरी बारीक आवाजात "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" म्हणत होतं. मग गाडी आपोआप सुटली. तिची एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि वास गेला.

"कवापास्नं?" लेकानं विचारलं.

"माज्या ऑपरेशनपास्नं."

त्यानं शब्दाची आठवण काढली नाही. काढली असती तर मी भांडलो असतो. तो नुसता गोणपाटाची घडी घालत राहिला. म्हणून मीच म्हणालो, "दिलाय शब्द. बांधाबांध करू."

गाय वाडीवरच्या एका घरी दिली. वनखात्याच्या माणसांनी चाळीशेजारी पिंजरा लावला, त्यात बकरू बांधलं. चाळीची किल्ली मिस्त्रींकडे ठेवली. मंडळीनं त्यांना विचारलं, "भाई, तुमाला चालत आसंल तर जाता-येता देवाम्होरं येवढी पनती." ते म्हणाले, "लावतो की वहिनी. पनती कुठं जात विचारती." मग आम्ही पिंपरीला आलो. हे मी इथं बसून सांगतोय.

परवा सकाळी मिस्त्रींचा फोन आला.

"भाऊ, बसून ऐका."

"हितं मी बसलेलाच आसतो. बोला."

"चाळीतनं बोलतोय. मागच्या पट्ट्या आत दाबल्यात. तुमच्या डोंगरावर झोपून गेलंय ते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डोंगर पार बसलाय. लगद्यात अंगाचा साचा उठलाय, पाठीचा, मांडीचा. केसं हायेत. आन वास हाय भाऊ, वहिनींच्या भाताचा."

"पिंजरा?"

"मोकळा. बकरू रवंथ करतंय."

"डबे?"

"हुबे हायेत. एक बी पडला न्हाई. उसाची काडी वाकली न्हाई. येवढं जनावर वर चढलं कसं, न् उतरलं कसं, मला कळंना." मग त्यांचा आवाज खाली आला. "आन भाऊ, मी बटन बंद करून गेलतो. लाल दिवा जळतोय."

मी एवढंच म्हणालो, "वायर काढून ठिवा. झोपेत पाय पडला तर झटका बसंल त्याला."

"ह्या करंटनं मुंगी बी मरत न्हाई."

"तरी काढा."

त्यांनी काढली. फळी कुरकुरल्याचा आवाज आला, मग त्यांचा श्वास. "पट्ट्या परत ठोकू का?" त्यांनी विचारलं.

मंडळी लसूण सोलत ऐकत होती. तिनं हात पदराला पुसला आणि माझ्याकडून फोन घेतला.

"नका ठोकू, भाई. आसू द्या तशाच."

"मग पनतीला मी येऊ का नको, वहिनी?"

तिनं जरा विचार केला.

"या की," ती म्हणाली. "पर दिसाचं या. आन दारात आलं की आधी खाकरा."